दहावीच्या इंग्रजी पेपरसाठी प्रिपोझिशन आणि इडियम्सचा सराव कसा करून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यम, परीक्षेला दोन-अडीच महिने उरलेत, प्रिपोझिशन आणि इडियम्समध्ये हमखास चुकते. तर गाईड कोणतं घ्यावं आणि क्लास लावावा का. क्लासचं आधी सांगतो. एवढ्यासाठी लावू नका. आणि ज्या क्लासमध्ये प्रिपोझिशनची यादी मराठी अर्थासकट पाठ करायला देतात, तिथे मुलगी जात असेल तर तिला काढून घ्या.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचला आहे. परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं वाचणं, उत्तरं लिहिणं, पॅकिंग लिस्ट करणं हे रोजचं काम. शिकलो मराठी शाळेत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, आमच्या वेळी पाचवीत सुरू व्हायचं. त्यामुळे मराठी शाळेतल्या पोरांना इंग्रजी जमत नाही असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी दहावीला होती तेव्हाची गोष्ट. अक्काच्या यजमानांचे, म्हणजे आमच्या बावांचे, घराला लागूनच टॉवेलचे माग आहेत. पोरगी हुशार, गणितात पुढे. पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या व्याकरणात मात्र सपशेल आडवी झाली. बावांनी तिला चांगला महागडा क्लास लावलेला. वही मागितली तर त्यात दोन पानं भरून यादी: इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अबव्ह म्हणजे वर, ओव्हर म्हणजे वर, विथ म्हणजे बरोबर, फ्रॉम म्हणजे पासून. यादी तिला तोंडपाठ होती. आणि यादी पाठ होती म्हणूनच ती चुकत होती. 'तो माझ्यावर रागावला' याचं तिने 'ॲन्ग्री ऑन मी' केलं होतं, कारण 'वर' म्हणजे ऑन. 'कुत्र्याला घाबरते' याचं 'ॲफ्रेड टु डॉग', कारण 'ला' म्हणजे टु. 'इंग्रजीत हुशार' याचं 'गुड इन इंग्लिश'. सरांनी लाल पेनने फुल्या मारल्या होत्या, का चुकलं ते एका ओळीनेही लिहिलं नव्हतं.

मी तिला विचारलं, तू घरी तेलुगू बोलतेस, शाळेत मराठी, शेजारच्या मावशींशी कन्नड, रिक्षावाल्याशी हिंदी. यातल्या कुठल्या भाषेची यादी पाठ केली होतीस? तिच्याकडे उत्तर नव्हतं. मग मी वही मिटली आणि तिला मागाच्या खोलीत घेऊन गेलो. माग बंद होते, कारागीर सुट्टीवर होता.

टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, असतात. पाइलचा (टॉवेलवरच्या फंद्यांच्या सुताचा) वर, ग्राउंडचा (खालच्या कापडाच्या सुताचा) खाली. मी म्हटलं, सूत बीमवर आहे आणि पाइलचा बीमही ग्राउंडच्या बीमवर आहे. दोन्ही 'वर' सारखेच का? तिने हात लावून बघितलं. सूत बीमला चिकटून गुंडाळलेलं, ते ऑन. वरचा बीम खालच्याला कुठेच टेकलेला नाही, तो अबव्ह. यादीतली दोन 'वर' तिथेच वेगळी झाली. मग आडवं सूत नेणारा धोटा. सुताची कांडी धोट्यात असते: इन द शटल. धोटा ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, वरच्या आणि खालच्या थरांमधून जातो: बिटवीन द टू लेयर्स. एका पेटीतून निघून दुसऱ्या पेटीत जातो: फ्रॉम वन बॉक्स टु द अदर. प्रत्येक धागा फणीतून ओवलेला: थ्रू द रीड. मराठीत आपण कांडीतून सूत निघतं म्हणतो आणि फणीतून सूत जातं म्हणतो, 'तून' एकच. पण एक आउट ऑफ आहे आणि एक थ्रू. ताण्यात एक धागा तुटलेला होता. शेकड्यांतला एक, म्हणून अमंग. कारागीर उभा राहतो तो इन फ्रंट ऑफ, बीम असतो तो बिहाइंड.

दुसऱ्या दिवशी वेळेचे शब्द घेतले. माग सकाळपासून चालू आहे, तिथे सिन्स. तीन तास चालू आहे, तिथे फॉर. ऑर्डर शनिवारपर्यंत तयार हवी, तिथे बाय. माग शनिवारपर्यंत चालेल, तिथे टिल. हा शेवटचा फरक मी कारखान्यात रोज बघतो. गिऱ्हाईक '15 तारीख' या शब्दांना 'बाय' जोडतो तेव्हा माल त्या दिवशी किंवा त्याआधी हातात हवा असतो. 'टिल' समजून त्या दिवसापर्यंत पॅकिंगच करत बसलात तर जहाज निघून जातं. मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत', म्हणून यादी इथे काहीच उपयोगाची नाही.

हे चाललेलं असताना बावा आले. मला म्हणाले, "हे काय लावलंय? पोरगी मागापासून लांब जावी म्हणून मी क्लासला पैसे भरतो, आणि तू तिला मागापाशीच आणून बसवतोस?" त्यांचा राग मला कळतो. त्यांच्या वडिलांची सगळी हयात मागावर गेली, त्यांची स्वतःचीही जातेय. पण इंग्रजी म्हणजे हे घर सोडून जाण्याचं तिकीट आणि ते फक्त पैसे भरून मिळतं, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. बराच वाद झाला. अक्का मध्ये पडली. भाची तेवढ्यात वहीत काहीतरी लिहीत होती. बघितलं तर वाक्य होतं: 'माय फादर इज ॲन्ग्री विथ माय अंकल.' पूर्वपरीक्षेत ऑन लिहिणाऱ्या मुलीने विथ लिहिलं होतं. बावांना दाखवलं, ते न बोलता निघून गेले.

पुढे बोर्डात तिने व्याकरणाचा प्रश्न पूर्ण सोडवला आणि इंग्रजीत उत्तम गुण आणले. बावा आजही लग्नकार्यात भेटले की सांगतात, क्लासमुळे झालं. क्लासच्या वहीत ऑन, अबव्ह, ओव्हर तिन्हींपुढे 'वर' लिहिलेलं आहे. ती वही अक्काकडे जपून ठेवलेली आहे, कुणीही बघावी.

तुमच्या घरी माग नसेल. स्वयंपाकघर आहे, एसटी स्टँड आहे, सिद्धेश्वर तलाव आहे, जानेवारीत गड्ड्याची जत्रा आहे. समोर दिसतं त्याचं वाक्य मुलीने मोठ्याने बोलायचं आणि मग लिहायचं. ॲफ्रेड ऑफ, गुड ॲट, डिपेंड ऑन, मॅरीड टु, सीनियर टु हे जोडीनेच तोंडात बसवायचे, सुटा शब्द पाठ करायचाच नाही. डिस्कसच्या पुढे अबाउट लावायचं नाही, चांगले शिकलेले लोकही लावतात. याशिवाय पाठ्यपुस्तकातला एक उतारा वहीत उतरवून प्रिपोझिशनच्या जागा मोकळ्या ठेवायच्या, दोन दिवसांनी भरायच्या आणि पुस्तकाशी ताडून बघायच्या. कुठल्याही गाईडपेक्षा हा सराव चांगला, फुकटही आहे.

इडियम्ससाठी मराठी पक्की पाहिजे. मराठी माध्यमाला इंग्रजी ही तृतीय भाषा, तिच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) शेवटी पाच गुणांचं भाषांतर असतं: शब्द, वाक्यं आणि एक वाक्प्रचार किंवा म्हण. तिथे 'बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी' याचं 'सैतान आणि खोल समुद्र यांच्यामध्ये' लिहून उपयोग नाही, 'इकडे आड तिकडे विहीर' हवं. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' म्हणजे 'नाचता येईना अंगण वाकडे'. 'एम्प्टी व्हेसल्स मेक मच नॉइज' म्हणजे 'उथळ पाण्याला खळखळाट फार'. 'टर्न अ डेफ इअर' म्हणजे 'कानाडोळा करणे'. ज्या मुलीने घरात म्हणी ऐकल्या आहेत तिला हे जड जात नाही. इंग्रजी सुधारायचं म्हणून घरात मराठी बोलणं बंद करणारे पालक बघितले की मला राग येतो.

आता दोन गोष्टी राहिल्या. नियम अजिबातच पाठ करू नका असं माझं म्हणणं नाही. महिना आणि वर्षाला इन, वार आणि तारखेला ऑन, घड्याळातल्या वेळेला ॲट, हे पाठच करावं लागतं. आणि दोन-अडीच महिने नुसत्या प्रिपोझिशनवर घालवू नका. 80 गुणांच्या पेपरात स्वतंत्र व्याकरणाचे 10, त्यातही प्रिपोझिशन थोडीच. लेखनकौशल्याला 20 आहेत. मुलगी वाचतानाच अडखळत असेल तर आधी वाचन, बाकी सगळं नंतर. बोर्डाच्या जुन्या कृतिपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या. गाईड त्यासाठी कोणतंही चालेल, फक्त उत्तरांची पानं तुमच्याजवळ ठेवा.

तुम्ही स्वतः अर्धा तास तिच्याजवळ बसा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. इथे ऑन का आणि अबव्ह का नाही, हे तिने तुम्हाला मराठीत समजावून सांगायचं. तुम्हाला पटलं तर तिला आलं. बावांना त्या दिवशी मी एवढंच सांगत होतो, की तुम्हाला माग माझ्यापेक्षा जास्त कळतो, तुम्ही बसा.