बफेलोला येताय? बर्फाआधी शेजारी ओळखून ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात नोकरीसाठी पुण्याहून अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला येताय, सोबत बायको आणि लहान मुलगी, जानेवारीत आई-बाबाही यायचं म्हणतायत. 2022 च्या वादळाचे व्हिडिओ बघून घरचे धास्तावलेत. तेव्हा काय विकत घ्यायचं, घर कुठल्या बाजूला बघायचं आणि इथे राहणं खरंच इतकं धोक्याचं आहे का?

वरती बऱ्याच जणांनी जॅकेट आणि बुटांबद्दल लिहिलंय, त्यामुळे कपड्यांच्या वाटेला मी जात नाही. पुण्यातून जाडजूड स्वेटरांनी बॅगा भरून आणू नका, एवढंच सांगतो. ते वजन मसाले आणि भाजणीसाठी ठेवा. मी बरीच वर्षं बफेलोच्या उत्तरेकडच्या अॅमहर्स्टमध्ये राहतो. माझ्या मते तुमच्या यादीत एक गोष्ट राहिलीय, पण तिच्याकडे येण्याआधी बर्फाचं थोडं समजून घ्या.

ईरी सरोवर नैऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरलंय आणि बफेलो त्याच्या पूर्व टोकाला वसलंय. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी अजून त्यामानाने उबदार असतं. त्यावरून कॅनडाकडची कोरडी गार हवा सरोवराच्या लांबीभर वाहत आली की वाटेत बाष्प उचलते आणि किनाऱ्याला लागताच सगळं बर्फाच्या रूपात ओतते. हे ओतणं शहरभर सारखं होत नाही, अरुंद पट्ट्यात होतं. पट्ट्याच्या आत हात पुढे केला तर दिसत नाही आणि दहा-पंधरा मैलांवर लख्ख ऊन. वारा जरासा फिरला की पट्टा सरकतो. सरोवर गोठलं की हा कारखाना बराचसा बंद पडतो. विमानतळावर वर्षाला सरासरी 95 इंचांच्या आसपास बर्फ मोजला जातो, पण दक्षिणेकडच्या गावांत, म्हणजे ऑर्चर्ड पार्क, हॅम्बर्ग वगैरे भागात, तो यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. अॅमहर्स्ट, विल्यम्सव्हिल, टोनावांडा ही उत्तरेकडची गावं सहसा कमी मार खातात.

म्हणजे पहिल्या वर्षी उत्तरेकडे घर बघा. पण शाळा आणि ऑफिस दक्षिणेला असेल तर बर्फाला भिऊन रोजचा लांबचा प्रवास ओढवून घेऊ नका. इथे माणसं घरात कमी आणि रस्त्यावर जास्त मरतात.

हे उगाच म्हणत नाही. 2022 च्या हिवाळ्यात पाच आठवड्यांच्या अंतराने दोन वादळं आली. पहिलं 17 ते 20 नोव्हेंबरला. ऑर्चर्ड पार्क-हॅम्बर्गकडे सुमारे 80 इंच पडला, म्हणजे पुरुषभर उंचीपेक्षा जास्त. बफेलो बिल्स या आमच्या फुटबॉल संघाचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला आणि खेळाडूंना विमान गाठता यावं म्हणून शेजाऱ्यांनी फावडी आणि स्नोब्लोअर (बर्फ उडवून बाजूला टाकणारं यंत्र) घेऊन त्यांच्या घरापासून वाट काढून दिली. सुरुवातीलाच दोन जण गेले, दोघंही बर्फ उपसताना हृदय बंद पडून. त्यानंतर नाताळात दुसरं वादळ आलं. विमानतळावर 51.9 इंच, म्हणजे आधीच्यापेक्षा कितीतरी कमी. आणि ईरी काउंटीत, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्यात, 47 माणसं गेली.

फरक वाऱ्याने केला. ब्लिझर्ड ठरायला बर्फ किती पडला हे बघतच नाहीत. ताशी 35 मैल किंवा जास्त वारा आणि पाव मैल किंवा त्याहून कमी दिसणं, असं सलग तीन तास टिकलं की ब्लिझर्ड. नाताळातलं 37 तास टिकलं. 1977 च्या जानेवारीत तर नवा बर्फ फारसा पडलाच नव्हता. सरोवर लवकर गोठलं होतं, त्याच्यावर साचलेला बर्फ वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकला आणि 29 जण दगावले. (प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणाला इतका बर्फ लागला की रेनडियर त्यावरून चालत बाहेर पडले. हा किस्सा इथले जुने लोक तुम्हाला पहिल्याच भेटीत ऐकवतील.)

नाताळातल्या वादळाचा इशारा हवामान खात्याने काही दिवस आधीच दिला होता, पिढीत एखाद्या वेळी येतं असं वादळ आहे या शब्दांत. पण वाहनबंदी लागू झाली शुक्रवारी, 23 डिसेंबरला, सकाळी साडेनऊला. तोवर माणसं कामावर पोचली होती आणि परतताना अडकली. तासाभरात रस्ता दिसेनासा झाला. रुग्णवाहिका, अग्निशमनच्या गाड्या, इतकंच काय बर्फ काढणारे प्लाउसुद्धा रुतून बसले. शहराच्या मोठ्या भागात फोन लागत होता, पण मदत निघू शकत नव्हती. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ या तासांतले.

आता यादीत राहिलेली गोष्ट. त्या दिवसांत जी माणसं वाचली त्यातली बरीचशी जवळ असलेल्या कुणीतरी हात दिल्यामुळे वाचली. शहरात एका बाईंना खिडकीबाहेर कुणीतरी ओरडताना ऐकू आलं. चौसष्ट वर्षांचा, बौद्धिक विकलांग असलेला गृहस्थ वाट चुकून बर्फात सापडला होता. त्यांनी त्याला घरात आणलं. मोजे पायांना गोठून चिकटले होते ते कापून काढले, हातांवरचा बर्फ हेअर ड्रायरने वितळवला. हात काळेनिळे पडले होते. 911 ला, म्हणजे आपत्कालीन मदतीच्या नंबरला, फोनवर फोन केले, कुणी येऊ शकलं नाही. शेवटी त्यांनी फेसबुकवर थेट व्हिडिओ चालू करून हाका मारल्या, तेव्हा अनोळखी लोक प्लाउ लावलेला ट्रक घेऊन आले आणि त्याला इस्पितळात पोचवलं. शहराला लागून असलेल्या चीक्टोवागात गाडी अडकलेल्या एकाने शाळेची काच फोडून चोवीसजणांना आत आसरा दिला. कॅन्टीनमधलं खाणं सगळ्यांनी खाल्लं आणि जाताना त्याने काच फोडल्याबद्दल माफीची चिठ्ठी ठेवली. पोलिसांनी नंतर त्याला शोधून काढलं ते आभार मानायला. विल्यम्सव्हिलजवळ कोरियन पर्यटकांची गाडी खड्ड्यात गेली. फावडं मागायला एका घराचं दार वाजवलं तर त्या नवरा-बायकोने ड्रायव्हरसकट दहाहीजणांना नाताळपर्यंत ठेवून घेतलं. यजमानांना कोरियन जेवणाची आवड, त्यामुळे घरात किमचीसुद्धा निघाली!

या गोष्टी गोड आहेत म्हणून सगळं गोडच झालं असं समजू नका. मृतांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होतं. शहराच्या पूर्व भागात किराणा दुकानं मुळात थोडी, घरं जुनी, अनेकांकडे गाडी नाही आणि सुट्टी घेतली तर पगार बुडतो अशी कामं. शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर भागवून घ्यायची सवय प्रशासनाला लागते, याचा मला अजून राग आहे. त्यातून थोडं शिकले म्हणायचं. 2024 च्या जानेवारीत वाहनबंदी शनिवारी रात्रीच लागली आणि बिल्सचा रविवारचा प्लेऑफ सामना सोमवारवर ढकलला. स्टेडियम साफ करायला ताशी 20 डॉलर आणि जेवण देऊन माणसं बोलावली होती.

तेव्हा घर ताब्यात आलं की पहिल्या आठवड्यात डावीकडे, उजवीकडे आणि समोर, तीन दारं वाजवा. नाव सांगा, लहान मूल आहे सांगा, फोन नंबर द्या-घ्या. आपल्याकडे बिऱ्हाड नवं आलं की शेजारीण चहा घेऊन येते. इथे बहुतेक वेळा सुरुवात तुम्हालाच करावी लागेल. घरी केलेल्या नानकटाया न्या, चालतात. गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसं कोणती, ऑक्सिजन किंवा डायलिसिसवर कोण आहे, स्नोब्लोअर कुणाकडे आहे, नर्स कोण आहे, हे बोलता बोलता कळतं.

या गल्ल्यांचे काही अलिखित नियम आहेत. ज्याच्याकडे स्नोब्लोअर आहे तो आपल्या दारापुढे थांबत नाही, पुढच्या तीन-चार घरांचा फुटपाथही मारून टाकतो. त्याला पैसे देऊ केले तर तो संकोचतो. पेट्रोलचा कॅन भरून द्या किंवा खायला काहीतरी पाठवा. कोपऱ्यावर पाण्याचा हायड्रंट असेल तर त्याच्याभोवतीचा बर्फ कुणीतरी उपसतो. आग लागली तर बंबवाल्यांना तो शोधत बसावं लागू नये म्हणून. हे काम नव्या माणसाने अंगावर घेतलं की गल्लीत लगेच नाव होतं. बफेलो शहरात दारापुढचा फुटपाथ साफ करणं घरमालकाचं काम आहे. भाड्याच्या घरात ते मालक करणार की तुम्ही, हे करारात लिहून घ्या. पार्किंगचा बर्फ कोण काढणार हेही त्यातच.

बर्फ काढण्याबद्दल एक गोष्ट पहिल्याच वेळी प्रत्येकाला चकवते. तुम्ही सकाळी सहाला उठून ड्राइव्हवे स्वच्छ करता, आत येऊन चहा टाकता, आणि सरकारी प्लाउ रस्त्यावरून जाताना तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बांध घालून जातो. हा बर्फ वरच्या भुसभुशीत बर्फासारखा नसतो. करड्या रंगाची, मीठ-चिखल मिसळलेली, ओली ढेकळं असतात. लगेच काढली तर निघतात, दुपारपर्यंत थांबलात तर सिमेंट. प्लाउवाल्यावर चिडू नका, तो रात्रभर जागा असतो. फावडं भरून उचलू नका, ढकलता येईल तेवढं ढकला, ढेकळं अर्धी अर्धी घ्या. मीठ साधारण उणे नऊ सेल्सियसच्या खाली फारसं काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड किंवा नुसती वाळू टाका.

आणि बाबांच्या हातात फावडं देऊ नका. हे मी आग्रहाने सांगतोय. आपली वडीलधारी मंडळी रिकामी बसत नाहीत, मुलगा ऑफिसला गेला की "एवढंसं तर आहे" म्हणून बाहेर पडतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या, त्यात ओला जड बर्फ उचलायचा, वर बीपी किंवा स्टेंट. वर सांगितलेले दोघं असेच गेले. तुम्ही स्वतः चाळिशीच्या पुढे असाल तर तुम्हालाही हेच लागू.

दुसरा छुपा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून थोड्या उंचीवर, पांढरे प्लास्टिकचे दोन पाइप दिसतील. बऱ्याच नव्या घरांत फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा, धूर तिथून जातो. घर बघायला जाल तेव्हाच ते कुठे आहेत बघून ठेवा आणि बर्फ पडत असताना मधूनमधून मोकळे करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालणारा हवा. गाडी अडकली तर इंजिन चालू करण्याआधी मागचा सायलेन्सर उकरून मोकळा करा, तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवा, काच जराशी उघडी ठेवा आणि गाडी सोडून चालत निघू नका. 2014 च्या नोव्हेंबरात नायगरा विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली थ्रूवे या महामार्गावर बसमध्ये जवळपास 30 तास अडकल्या होत्या. बसमध्येच थांबल्या आणि सुखरूप सुटल्या.

वीज गेली की गॅसवरची फर्नेससुद्धा बंद पडते, कारण पंखा विजेवर असतो. इलेक्ट्रिक शेगडी असेल तर स्वयंपाकही बंद. म्हणून न शिजवता खाता येईल असं आठवडाभराचं घरात असू द्या. आमच्याकडे दिवाळीचा फराळ जरा जास्तच करतात आणि चिवड्याचा एक डबा वादळासाठी बाजूला ठेवतात. मुलीची आणि आई-बाबांची औषधं किमान दोन आठवड्यांची. ओव्हन उघडा ठेवून किंवा कोळशाची शेगडी आत आणून घर गरम करायला जाऊ नका. नळांची धार बारीक चालू ठेवा, पाइप फुटत नाहीत.

नोकरीच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी विचारून घ्या, वाहनबंदी लागली तर घरून काम चालेल का. मॅनेजर कितीही म्हणाला तरी बंदीत गाडी काढू नका.

आई-बाबांबद्दल माझं मत: जानेवारीचं तिकीट काढू नका. पुण्या-मुंबईहून इथे थेट विमान नाही, मधल्या विमानतळावर रात्र काढावी लागली तर त्यांचे हाल. 2022 ला बफेलोचा विमानतळ 28 डिसेंबरपर्यंत बंदच होता. पोचलेच तरी दोन महिने खिडकीत बसून काढावे लागतील आणि कंटाळून ते बाहेर पडतील ते फावडं घेऊनच. मे महिन्यात बोलवा. गेट्झव्हिलच्या देवळात त्यांना मराठी माणसं भेटतील, सप्टेंबरपर्यंत मजेत राहतील.

घर ठरलं की गावाचं नाव इथे लिहा. त्या बाजूला राहणारं कुणी ओळखीचं असेल तर गाठ घालून देतो.