वाचक विचारतात : कुर्ता ‘ऑल्टर’ होतो, मग कायदा ‘अमेंड’ का?

प्रश्न : मी विधी शाखेचा विद्यार्थी असून एका ज्येष्ठ वकिलांकडे मसुदे लिहायला शिकतो. दिवाणी दाव्याच्या एका परिच्छेदात बदल करण्याची परवानगी हवी होती, म्हणून अर्जात मी ‘चेंज द प्लेंट’ (प्लेंट म्हणजे लेखी दावा) असे लिहिले. वकीलसाहेबांनी ‘चेंज’ खोडून तेथे ‘अमेंड’ लिहिले आणि ‘हा फरक समजून घे’ एवढेच सांगितले. शब्दकोशात चेंज, ऑल्टर, मॉडिफाय आणि अमेंड या चारही शब्दांपुढे ‘बदलणे’ हाच अर्थ दिलेला आहे. मग फरक कोणता? (एक विद्यार्थी, धंतोली, नागपूर)

उत्तर : शब्दकोशातला अर्थ खरा आहे, पण तो अर्धाच आहे. बदल झाला, हे यांतला प्रत्येक शब्द सांगतोच. त्याबरोबर बदलानंतर मूळ वस्तूचे काय शिल्लक राहिले, हेही तो सांगत असतो, आणि शब्द निवडताना लक्ष द्यायचे ते या दुसऱ्या गोष्टीकडे.

‘चेंज’ त्याबाबत मौन बाळगतो. कपडे चेंज केले म्हणजे जुने उतरवून दुसरे घातले. घराचा रंग चेंज केला म्हणजे घर तेच राहिले, रंग तेवढा गेला. मूळ टिकले की नाहीसे झाले, हे ऐकणाऱ्याने प्रसंगावरून ओळखायचे असते. म्हणूनच हा शब्द बोलण्यात सगळीकडे चालतो आणि मसुद्यात मात्र अडचणीचा ठरतो, कारण ‘चेंज द प्लेंट’ वाचून न्यायालयाचा असाही समज होऊ शकतो की तुम्ही जुना दावा काढून घेऊन त्याच्या जागी दुसराच ठेवू पाहता.

‘ऑल्टर’ हा शब्द लॅटिनमध्ये ‘दोहोंपैकी दुसरा’ या अर्थाचा होता. इतवारीतून आणलेला तयार कुर्ता खांद्यात सैल पडला की आपण तो शिंप्याकडे ऑल्टर करायला देतो. कापड तेच, बेत तोच, पण कुर्ता आता पहिल्यासारखा नाही. यात बरे-वाईट ठरवलेले नसते. ऑल्टर केलेला कुर्ता नीट बसेल किंवा बिघडेलही, शब्द दोन्हींना सारखाच लागू पडतो.

‘मॉडिफाय’च्या मुळाशी ‘मोडस’ म्हणजे माप, मर्यादा हा शब्द आहे. इंग्रजी व्याकरणात विशेषण नामाला ‘मॉडिफाय’ करते असे म्हणतात, ते या दृष्टीने फार नेमके आहे : ‘लाल साडी’ म्हटल्याने साडी साडीच राहते, तिच्या अर्थाला फक्त मर्यादा येते. गाभ्याला धक्का न लावता एखाद्या भागात केलेला बेताचा बदल म्हणजे मॉडिफिकेशन. या दोन शब्दांचे वजन कायद्याने कसे तोलले आहे, हे पाहायचे असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ अवश्य वाचा. तेथे ‘ऑल्टरेशन’ची व्याख्याच अशी केली आहे की वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते. त्याच कलमात वेगळ्या इंधनावर चालावे म्हणून इंजिनात केलेल्या बदलाला ‘मॉडिफिकेशन’ म्हटले आहे आणि त्यासाठी बसवायच्या साहित्याला ‘कन्व्हर्जन किट’. शिंप्याच्या दुकानात हलका वाटणारा ‘ऑल्टर’ येथे तिघांत सर्वांत भारी झाला आहे, त्यामुळे कायद्याचे वाचन करताना बोलीतला अर्थ गृहीत न धरता त्या कायद्याची व्याख्या आधी शोधावी.

आता ‘अमेंड’. लॅटिनमध्ये ‘दोष काढून टाकणे’ या अर्थाचे जे क्रियापद होते, त्यापासून हा शब्द आला. फाटलेले शिवणे, मोडलेले नीट करणे या अर्थाचा इंग्रजी ‘मेंड’ हा याच शब्दाचे पहिले अक्षर गळून तयार झालेला आहे. तेव्हा अमेंड करायचे तर तीन गोष्टी गृहीत असतात : मूळ वस्तू आहे, तिच्यात काही उणीव आहे, आणि ती दूर करून वस्तू राखायची आहे. आपल्या ‘दुरुस्ती’ शब्दातही नेमके हेच आहे, कारण ‘दुरुस्त’ म्हणजे फारसीत योग्य, ठीक. स्कूटरचीही दुरुस्ती आणि घटनेचीही दुरुस्ती, असे म्हणताना मराठीने मेंड आणि अमेंड यांचे नाते आपोआप जपले आहे. संविधानाच्या अधिकृत मराठी पाठात ‘सुधारणा’ हा शब्द योजलेला आहे. परंतु सुधारणा म्हणताच समाजसुधारणा, शेतीसुधारणा असे ‘रिफॉर्म’चे अर्थही डोकावतात, म्हणून मला स्वतःला ‘घटनादुरुस्ती’ हाच शब्द अधिक नेमका वाटतो.

तुमच्या अर्जाचा आधार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ६, नियम १७ हा आहे. त्यात पक्षकाराला आपली कैफियत ‘ऑल्टर ऑर अमेंड’ करण्याची मुभा न्यायालय देऊ शकते, असे शब्द आहेत. ‘चेंज’ तेथे नाही. दाव्याचे मूळ स्वरूपच पालटणारी दुरुस्ती न्यायालये सहसा मान्य करत नाहीत, आणि वकीलसाहेबांच्या खाडाखोडीमागे हाच विचार असणार.

या फरकाचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र आपल्या संविधानातच आहे. अनुच्छेद ३ नुसार संसद राज्याच्या सीमा आणि राज्याचे नाव ‘ऑल्टर’ करू शकते, तर अनुच्छेद ३६८ नुसार संविधान ‘अमेंड’ करू शकते. अनुच्छेद ४ पुढे स्पष्टच सांगतो की सीमा किंवा नाव बदलणारा कायदा ३६८ च्या अर्थाने ‘अमेंडमेंट’ समजला जाणार नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन आपले नागपूर महाराष्ट्रात आले, ते मुंबई पुनर्रचना कायद्याने, म्हणजे संसदेच्या साध्या कायद्याने. घटनादुरुस्तीची विशेष प्रक्रिया त्यासाठी लागली नाही. पुढे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने निर्णय दिला की अनुच्छेद ३६८ मुळे संसदेला संविधानाची मूलभूत चौकट ‘ऑल्टर’ करता येत नाही. अमेंड करण्याचा अधिकार आहे, पण त्या अधिकारात चौकट ऑल्टर करणे येत नाही. न्यायमूर्ती खन्ना यांच्या निकालपत्रातला युक्तिवाद तर थेट शब्दार्थावरच उभा आहे : अमेंडमेंट म्हटले की जुने संविधान आपली ओळख न गमावता टिकून आहे, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले असते. दोन क्रियापदांमधल्या अंतरावर देशाच्या घटनेचे भवितव्य तोलले गेले, त्यामुळे हा फरक समजून घेण्यात घालवलेला तुमचा वेळ मुळीच वाया जाणार नाही.

प्रश्न : मी इयत्ता नववीला इंग्रजी शिकवते. ‘आपल्या शहरातील बदल’ या निबंधात मुले ‘नॅरोगेज लाईन वॉज ट्रान्सफॉर्म्ड’ आणि ‘मेट्रो हॅज कन्व्हर्टेड नागपूर’ अशी वाक्ये लिहितात. दीक्षाभूमीविषयी लिहिताना तर ‘पीपल वेअर कन्व्हर्टेड’ आणि ‘पीपल कन्व्हर्टेड’ यांपैकी योग्य काय, असा प्रश्न मलाच पडला. (एक शिक्षिका, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : पहिल्या दोन वाक्यांत क्रियापदांची अदलाबदल करा, म्हणजे दोन्ही वाक्ये बरोबर होतील.

‘कन्व्हर्ट’मध्ये वस्तू एका ठरलेल्या प्रकारातून दुसऱ्या ठरलेल्या प्रकारात जाते आणि दोन्ही टोके आधीपासून माहीत असतात. नागपूर–छिंदवाडा मार्गाचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे होते, ते १६७६ मिलिमीटरचे झाले. रेल्वे याला ‘गेज कन्व्हर्जन’ म्हणते, कारण नॅरोगेज आणि ब्रॉडगेज ही दोन्ही ठरलेली मापे आहेत. मुलांना मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय दाखवून आणलेत, तर ही व्याख्या त्यांना पाठ करावी लागणार नाही. रुपयांचे डॉलर करणे, फुटांचे मीटर करणे हेही कन्व्हर्टच.

‘ट्रान्सफॉर्म’मध्ये शेवटचे टोक ठरलेले नसते, रूप किंवा स्वभाव असा पालटतो की पाहणाऱ्याला नवल वाटावे. २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाल्यावर वर्धा मार्गाचे जे झाले, त्याला मुले ट्रान्सफॉर्म म्हणू शकतील, अर्थात तितका पालट झाला असे त्यांना खरोखर वाटत असेल तरच. विजेच्या ‘ट्रान्सफॉर्मर’ला हा भारदस्त शब्द कशाला, अशी शंका एखादे मूल काढील. तेथे वीज वीजच राहते आणि दाब बदलतो. तंत्रज्ञानाने शब्द उचलून आपल्या अर्थाने रूढ केला, एवढेच त्याचे उत्तर आहे.

दीक्षाभूमीविषयीच्या प्रश्नाबद्दल तुमचे मनापासून आभार मानतो. इंग्रजीत दोन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत, पण ‘वेअर कन्व्हर्टेड’ म्हटले की कर्ता दुसराच कोणी आणि माणसे केवळ त्याच्या क्रियेचा विषय, अशी छटा येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. बाबासाहेबांनी धर्म सोडण्याचा निर्धार येवल्यात १९३५ मध्येच जाहीर केला होता. एवढ्या वर्षांच्या विचारानंतर, उघड्या मैदानात, स्वतःच्या तोंडाने प्रतिज्ञा उच्चारून लोकांनी जे केले, त्याला ‘दे कन्व्हर्टेड टू बुद्धिझम’ हे कर्तरी वाक्यच न्याय देते. धर्माच्या संदर्भात ‘टू’ येते आणि वस्तूच्या संदर्भात बहुधा ‘इन्टू’, हेही मुलांना सांगावे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कन्व्हर्टमधला ‘व्हर्ट’ म्हणजे लॅटिनमध्ये वळणे, फिरणे. संस्कृतातला ‘वृत्’ धातू त्याचा सख्खा भाऊ आहे. त्या धातूपासून परिवर्तन झाले आणि प्रवर्तनही झाले. म्हणजे इंग्रजीतले ‘कन्व्हर्जन’ आणि आपण दरवर्षी साजरा करतो त्या ‘धम्मचक्र प्रवर्तन’ दिनातले ‘प्रवर्तन’ एकाच मुळाचे आहेत. अर्थ मात्र वेगळे : कन्व्हर्जनमध्ये माणूस वळतो, प्रवर्तनात चाक फिरू लागते. निबंधात ‘धम्मचक्र प्रवर्तन’ हे शब्द भाषांतर न करता जसेच्या तसे ठेवले, तर मी त्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण देईन.

प्रश्न : वडिलांच्या नावावरची जमीन आम्हा भावंडांच्या नावावर करताना तलाठी कार्यालयात ‘फेरफार’ झाला, त्याला इंग्रजीत ‘म्युटेशन’ म्हणतात. मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातही ‘म्युटेशन’ आहे. हे दोन्ही एकच का? (एक संत्रा उत्पादक, काटोल तालुका)

उत्तर : शब्द एकच, लॅटिनमधल्या ‘बदलणे’ या क्रियापदापासून आलेला, व्यवहार निराळे. जीवशास्त्रात जनुकाच्या रचनेतच बदल होतो, म्हणून मराठीत ‘उत्परिवर्तन’ म्हणतात. महसुली म्युटेशनमध्ये जमिनीच्या मातीला आणि झाडांना काहीच होत नाही. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत हक्काची नोंद होते, ती प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर उतरते. जीवशास्त्रात वस्तू बदलते, महसुलात वस्तूविषयीची नोंद बदलते, एवढे मुलीला सांगितलेत तरी पुरे. शहरात सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका असते, तिच्यावरही फेरफाराची नोंद होतेच.

प्रश्न : ‘नागपूरचे तापमान चेंज होते’ आणि ‘व्हेरी होते’ यांत काय फरक? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : जानेवारीत स्वेटर लागतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, हे ‘व्हेरिएशन’, दरवर्षी चक्र तेच असते. ते चक्रच सरकले, तर ‘चेंज’. म्हणूनच ‘क्लायमेट चेंज’ म्हणतात. एक उन्हाळा कडक गेला म्हणून तो शब्द वापरू नये.

प्रश्न : गिऱ्हाईक ‘चेंज आहे का?’ असे विचारते, तेव्हा त्याला चिल्लर हवी असते. चिल्लरीचा आणि बदलाचा काय संबंध? (एक दुकानदार, गोकुळपेठ)

उत्तर : संबंध जुना आणि सरळ आहे. ‘चेंज’ इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधले जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ देवाणघेवाण करणे, एक वस्तू देऊन दुसरी घेणे असा होता. नोट देऊन तेवढ्याच किमतीची नाणी घेणे हा त्या मूळ अर्थाचाच व्यवहार आहे.

आणि आपला ‘बदल’ तरी वेगळ्या वाटेने कुठे आला? तो अरबी आहे. तेथे त्याचा अर्थ एकाच्या जागी दिलेले दुसरे असा होतो. ‘मोबदला’ त्याच कुळातला, ‘बदली’ आणि ‘अदलाबदल’ही त्यातलेच, आणि ज्याच्याकडे आपले कधी लक्षही जात नाही तो ‘बद्दल’ही तेथूनच आलेला आहे : ‘कामाबद्दल मजुरी’ म्हणजे कामाच्या जागी मजुरी. नोट देऊन चिल्लर मागणारे तुमचे गिऱ्हाईक ‘चेंज’ म्हणो की ‘नोट बदलून द्या’ म्हणो, दोन्ही भाषांत तो त्या शब्दांचा सर्वांत जुना अर्थच वापरत असतो.