विसरणं, वय आणि ‘चवथीनंतर बघू’

पत्रं पेडण्यापासून काणकोणपर्यंतची, गोंधळ मात्र तोच. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो. मी प्रयोगशाळेत मेंदूवर काम करतो, तुमच्या घरच्या माणसाला तपासलेलं नाही. उत्तरं त्या बेतानेच वाचा.

प्रश्न : अल्झायमर आणि डिमेन्शिया एकच का? (म्हापसा)

नाही. डिमेन्शिया ही स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळून रोजचे व्यवहार जमेनासे होण्याची अवस्था. अल्झायमर हे तिचं सर्वांत जास्त आढळणारं कारण.

प्रश्न : तुम्ही गर्भातल्या मेंदूच्या वाढीवरही काम करता. त्याचा म्हातारपणाशी काय संबंध? (फोंडा)

वाटतो त्यापेक्षा जवळचा. वाढत्या मेंदूत चेतापेशींचे जोड गरजेपेक्षा जास्त तयार होतात. नको असलेल्या जोडांवर सी-1-क्यू, सी-3 ही प्रथिनं खूण करतात आणि मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ते गिळून टाकतात. अल्झायमरसारखा आजार घडवलेल्या उंदरांत हीच यंत्रणा अमायलॉइड या प्रथिनाचे थर मेंदूत साचण्याआधीच पुन्हा जागी होते आणि चांगले जोडही तोडू लागते, असं 2016 मध्ये दिसलं. उंदरांत, हे लक्षात ठेवा. या नावाखाली कोणी ‘मेंदूची पावडर’ विकत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

प्रश्न : आई 71 वर्षांची. खतखत्यात मीठ दोनदा पडतं, एकदा देवळातून येताना वाट चुकली. महिन्यापूर्वी न्हाणीत पडली, तेव्हापासून जास्तच झालंय. घरचे म्हणतात, वय झालं, चवथीनंतर दाखवू. (साखळी)

चवथ, मग दिवाळी, मग कुणाचं तरी लग्न. ही तारीख कधीच येत नाही. तुमच्या पत्रातलं न्हाणीतलं पडणं मला सगळ्यात खटकलं. म्हातारपणी डोक्याला थोडासा मार लागला तरी कवटीच्या आत सावकाश रक्त साचू शकतं आणि त्याची लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. सीटी स्कॅनमध्ये ते कळतं, शस्त्रक्रियेने माणूस पुष्कळदा सुधारतो. आईला उद्याच न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा डोकेदुखी, उलटी, गुंगी असेल तर आजच.

बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनीही माणूस असाच गोंधळतो. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणलेल्यासुद्धा. स्वतःहून कुठलीही बंद करू नका.

आणि ‘वय झालं’ म्हणजे काय? वयाने नाव आठवायला वेळ लागतो, रोजची वाट चुकत नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. वय एवढंच कारण असतं तर उरलेले नव्वदहून अधिक टक्के कसे सुटले?

समजा अल्झायमरच निघाला, तरी उशिराचं नुकसान आहेच. लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देतात. तीही आजाराचा वेग थोडा कमी करतात, आजार बरा करत नाहीत. शिवाय मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. दुसरी गोष्ट कागदांची. गोव्यात घर-जमीन विकायला नवरा-बायको दोघांची सही लागते. आईला व्यवहार नीट समजतोय तोवर वकिलाशी बोला. पुढे नोटरीच्या दारात भावंडं भांडतात, ते वेगळंच.

प्रश्न : रोज दोन चमचे खोबरेल तेल प्यायल्याने स्मरणशक्ती परत येते असा व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय. (काणकोण)

तेल फोडणीला ठेवा. भक्कम पुरावा नाही.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरलंय. फॉलिक ॲसिड दिवस राहिल्यावर सुरू करायचं ना? (डिचोली)

त्याआधी. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम. फिट्सची औषधं चालू असतील तर डोस वेगळा असू शकतो, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : सासूबाईंना मीच सांभाळते. आता मलाच झोप लागत नाही. (पेडणे)

हा प्रश्न तुमच्याही डॉक्टरांना विचारायचा आहे, लाजू नका. गोव्यातल्याच 81 कुटुंबांवरचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक घरी येऊन सांभाळणाऱ्यांना मार्गदर्शन करत. त्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. सासूबाईंच्या पुढच्या तपासणीला नवऱ्याला सोबत न्या आणि रात्री कोण जागणार, हे डॉक्टरांसमोरच ठरवा.