खेळाडूंचे पगार कापले तर तिकीट स्वस्त होईल का?

तुमचं म्हणणं असं, की खेळाडूंचे कोट्यवधींचे पगार आपल्या तिकिटातून वसूल होतात. पगारावर मर्यादा आणली की तिकीटही उतरेल अन् कमजोर संघांनाही न्याय मिळेल. भाऊ, यातलं दुसरं म्हणणं अर्धंच खरं आहे, पहिलं अजिबात नाही.

आयपीएलमध्ये मर्यादा आहेच. 2008 मध्ये प्रत्येक संघाला 50 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण 20 कोटी रुपये खर्चता येत होते. 2025 मध्ये तो आकडा 120 कोटी झाला. मुंबई असो की लखनौ, सगळ्यांना सारखाच. ऋषभ पंतचे 27 कोटी त्यातूनच गेले. हा पैसा येतो मुख्यतः टीव्ही आणि मोबाइलवरून: 2023 ते 2027 चे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना विकले गेले आणि त्यातला मोठा वाटा संघांमध्ये वाटला जातो. गेटवरचा पैसा यजमान संघाचा, तो वरून. उद्या पंत फुकट खेळला तरी तिकीट उतरणार नाही, कारण जागा मोजक्या आणि घेणारे भरमसाट. वाचलेले 27 कोटी मालकाकडे राहतील, तुमच्या-माझ्याकडे येणार नाहीत.

अमेरिकेच्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये 1994 पासून पगारावर कडक मर्यादा आहे, टीव्हीचा पैसा सगळे संघ सारखा वाटून घेतात, तरी तिकिटं महागच. उलट इंग्लंडच्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगमध्ये क्लब पगारावर वाट्टेल तेवढा पैसा उधळत आले, पण पाहुण्या संघाच्या चाहत्यांचं तिकीट 2016 पासून 30 पौंडांच्या वर जात नाही. चाहत्यांनी आरडाओरडा केला म्हणून ते झालं.

आता बरोबरीचं. मर्यादेने सुरुवात सारखी होते, शेवट नाही. मुंबई-चेन्नईकडे पाच-पाच करंडक, बंगळुरूला पहिला मिळायला 2025 उजाडलं. माझ्या मते आपलं रणजीच जास्त बोलकं आहे. तिथे बाहेरचे व्यावसायिक खेळाडू फक्त तीन घेता येतात, बाकी पोरं घरचीच घडवावी लागतात. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा करंडक आणला. करुण नायरसारखा कर्नाटकातून आलेला पाहुणा हवाच होता, पण त्या शेवटच्या मोसमात 69 बळी घेऊन विक्रम करणारा हर्ष दुबे आपला, विदर्भाचाच होता.

मग तिकीट खरंच कशाने फुगतं? एक, कर. आयपीएलच्या तिकिटावर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, आधी 28 होता. हजाराचं तिकीट चौदाशेला. भारताच्या आंतरराष्ट्रीय सामन्याला 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर नाही, त्याहून महाग असेल तर 18 टक्के. दोन, पास. मॅच जाहीर झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न 'तिकीट केवढ्याचं?' हा नसतो, 'पास जमेल का?' हा असतो. फुकट पासांच्या वाटणीवरून 2018 मध्ये भारत-वेस्ट इंडीज सामना इंदूरहून विशाखापट्टणमला हलवावा लागला होता! पासात जितक्या खुर्च्या जातात, तितक्या विक्रीतून कमी होतात.

अन् आपल्या नागपूरच्या जामठा मैदानावर खर्च तिकिटावर थांबत नाही. मेट्रो खापरीपर्यंत, पुढे वर्धा रोडवरून जे मिळेल ते. आत पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत, म्हणून पाणीही विकत. लेकरंबाळं घेऊन चौघं गेले की तिकिटाइतकाच खर्च वर होतो. मोठी मॅच जामठ्याला येते वर्षा-दोन वर्षांतून एखादी, त्यामुळे लोक बोलत नाहीत, देऊन टाकतात.

म्हणून मागायचंच असेल तर हे मागा: 45 हजारांच्या मैदानात निदान पाच हजार खुर्च्या 500 च्या आत, एका ओळखपत्रावर दोनच, आणि किती पास कोणाला गेले याची यादी सामन्याआधी जाहीर. पगाराचं ते मालक लोक आपसात पाहून घेतील.