मुळे तपकिरी का पडतात? टाकीच्या पाण्याबद्दल आलेल्या प्रश्नांना उत्तरे

मातीविना शेती करणाऱ्या शेतकऱ्यांचे या वेळचे बहुतेक प्रश्न पोषणद्रावणाची टाकी आणि तिच्यात वाढणारी मुळे यांबद्दल आहेत. त्यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर देत आहे. ते नीट समजले की पुढचे प्रश्न सोपे होतात.

प्रश्न: 500 लिटरच्या टाकीत तरंगत्या थर्माकोलवर लेट्यूस लावले आहे. टाकी भरलेली असूनही दुपारी रोपे माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. मुळे तपकिरी झाली आहेत, पाण्याला वास येतो. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक टाकले, उपयोग झाला नाही. पाने पिवळी पडत आहेत म्हणून खताची मात्रा वाढवू का?

खत वाढवू नका. आधी दुपारी पाण्यात थर्मामीटर बुडवून तापमान बघा.

मुळे पाणी पितात हे आपण लक्षात ठेवतो, पण ती श्वासही घेतात. जमिनीत मातीच्या कणांमधल्या पोकळीतून त्यांना हवा मिळते. टाकीत मात्र पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवरच त्यांची सगळी भिस्त असते. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. 30 अंशांना तो साडेसातवर येतो. त्याच वेळी तापमान 10 अंशांनी वाढले की मुळांची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, म्हणजे मुळे गुदमरतात. अशा मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून भरल्या टाकीत रोप सुकते. लोहासारखी अन्नद्रव्येही नीट उचलली जात नाहीत आणि पाने पिवळी दिसू लागतात. त्यात खत वाढवले तर द्रावणातले क्षार वाढतात आणि दुबळ्या मुळांना पाणी ओढणे आणखी जड जाते.

गुदमरलेल्या मुळांवर पिथियमचा हल्ला होतो. रोपवाटिकेत रोपे कोलमडतात, त्यामागे पुष्कळदा हीच बुरशी असते. शास्त्रीयदृष्ट्या ती खरी बुरशी नाही, पाण्यात वाढणाऱ्या वेगळ्या गटातली आहे. तिचे बीजाणू शेपटीसारख्या तंतूंनी पाण्यात पोहतात, त्यामुळे एका रोपाचा रोग साऱ्या टाकीत पसरायला वेळ लागत नाही. कार्बेन्डाझिम या गटावर चालत नाही, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. दुसरे एखादे औषध टाकीत ओतायचा विचारही सोडा. लेट्यूस कच्चेच खाल्ले जाते. ज्या औषधाच्या लेबलवर या पिकासाठी अशा वापराची शिफारस नाही, ते द्रावणात घालू नका.

रोग आहे की नाही याची खात्री हाताने करता येते. एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. बाहेरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत फक्त दोरा उरला, तर ती मूळकूज आहे. मूळ तपकिरी असूनही घट्ट आहे, टोके पांढरी आहेत आणि वास नाही, तर तो ह्युमिक किंवा लोहयुक्त खताचा डाग असतो. त्याची काळजी नको. फक्त रंग बघून चांगली रोपे उपटून टाकल्याची उदाहरणे आहेत, म्हणून हे आवर्जून सांगतो.

तुमच्याकडे पाण्याला वास येतो आहे, त्यामुळे ओढून बघितल्यावर कूजच निघेल असे वाटते. तसे असेल तर सर्वांत खराब रोपे काढून दूर नेऊन टाका. टाकी रिकामी करून धुवा आणि नवे द्रावण नेहमीच्या ईसीच्या (म्हणजे द्रावणातल्या क्षारांच्या मोजमापाच्या) निम्म्याने भरा. सामू (पीएच) 5.5 ते 6.5 मध्ये ठेवा. आठवड्याभरात पांढरी नवी टोके दिसू लागली तर रोपे वाचतील, मग ईसी हळूहळू पूर्वपदावर आणा. टोके आली नाहीत तर ते पीक सोडून द्या. त्यात आणखी दिवस घालवू नका.

हे सगळे करूनही पाणी गार झाले नाही तर रोग परत येईल. 18 ते 22 अंश उत्तम, 24 पर्यंत चालते. बर्फ टाकण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला असेल, त्याचा हिशेब करून बघा. एक किलो बर्फ वितळताना साधारण 80 लिटर पाणी 1 अंशाने गार करतो. तुमचे 500 लिटर पाणी 5 अंशांनी उतरवायला 30 किलोंहून जास्त बर्फ लागेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. छोट्या टाकीत गोठवलेल्या बंद बाटल्या ठेवणे ठीक आहे. सुटा बर्फ टाकू नका, द्रावण पातळ होते. मोठ्या टाकीला मात्र सावली करा, बाहेरून पांढरा रंग द्या, नवी बसवत असाल तर जमिनीत पुरा. उन्हात पडलेले काळे पाइप झाका, पाणी तिथेच तापते.

एअर पंप जरूर चालवा, पण 30 अंशांच्या पाण्यात पंप कितीही मोठा असला तरी ऑक्सिजन साडेसातच्या फारसा वर जात नाही. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात शिरते. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ हवाच.

प्रश्न: टाकीच्या कडांना हिरवे शेवाळ धरते. थोडे मोरचूद टाकले तर चालेल का?

नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि पोषणद्रावणात तांब्याची गरज लिटरला मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात मोजतात. शेवाळ मारण्याइतके मोरचूद टाकाल तर त्याआधी मुळे होरपळायची भीती आहे.

शेवाळाला प्रकाश आणि खत दोन्ही लागते. खत आपण काढू शकत नाही, म्हणून प्रकाश बंद करायचा. पारदर्शक किंवा फिकट टाकी आतून काळी, बाहेरून पांढरी करा. झाकणाच्या फटी, थर्माकोलमधली रिकामी भोके, पाइपचे जोड हे सगळे बुजवा. टाकीत डोके घालून झाकण लावल्यावर कुठून उजेड दिसतो ते बघा, फटी लगेच सापडतात. शेवाळ दिवसा सामू वर चढवते, रात्री मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन खाते आणि मेल्यावर कुजून पाणी बिघडवते. ओल्या शेवाळावर बारीक काळ्या माश्या वाढतात. त्यांच्या अळ्या मुळे कुरतडतात आणि माश्या पिथियमही इकडून तिकडे नेतात.

प्रश्न: हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ट्रायकोडर्मा (रोगाशी लढणारी जैविक बुरशी) दोन्ही वापरतो, तरी मुळे सुधारत नाहीत.

दोन्हींतले एकच निवडा. पेरॉक्साइडला मित्र-शत्रू कळत नाही, ट्रायकोडर्मा टाकलात की तोही त्याच्या तडाख्यात सापडतो. शिवाय पेरॉक्साइडचा असर थोड्या वेळाचा असतो, त्याचे विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन उरतो. चिलेटेड लोहही (द्रावणात विरघळलेले राहावे म्हणून बांधलेले लोह) त्याने खराब होऊ शकते. माझे मत विचाराल तर उभ्या पिकात गार पाणी आणि जैविक बुरशी यांवर भर द्या, पेरॉक्साइड सफाईसाठी ठेवा. बाटलीवरचे टक्के वाचल्याशिवाय हात लावू नका. 3 टक्के आणि 35 टक्के यांत दहा पटींहून अधिक फरक आहे, आणि 35 टक्क्यांच्या द्रावणाने कातडी भाजते.

प्रश्न: द्रावण किती दिवसांनी बदलावे? टाकी कशाने धुवावी?

दिवसांपेक्षा लिटर मोजा. वरून भर घातलेल्या पाण्याची बेरीज टाकीच्या क्षमतेएवढी झाली की द्रावण बदला. तोपर्यंत झाडांना नको असलेले सोडियम, क्लोराइड साठलेले असतात आणि ईसी मीटर ते वेगळे दाखवत नाही. पाणी खारट असेल तर त्याआधीच बदला.

पीक निघाल्यावर टाकी, पाइप, जाळीचे कप आधी घासून बुळबुळ काढा. बुळबुळ राहिली तर क्लोरीन तिच्यातच संपतो. मग 5 टक्क्यांचे ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिश्रण 15 ते 20 मिनिटे लावून ठेवा, तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा, उन्हात कोरडे करा. पाइपची बंद टोके उघडून धुवा, गाळ तिथेच बसतो. जुने स्पंज पुन्हा वापरू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सामू उतरवायला आपण फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्ल टाकीजवळच ठेवतो. त्याचा आणि ब्लीचचा संपर्क आला तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद शेडमध्ये तो जिवावर बेततो. दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवा, मापेही वेगळी ठेवा, आणि कामावर येणाऱ्या प्रत्येकाला हे स्वतः सांगा.

पुढचा प्रश्न पाठवताना दुपारी दोनच्या सुमारासचे पाण्याचे तापमान, सामू, ईसी, टाकीची क्षमता आणि मूळ ओढून बघितल्यावर काय दिसले ते लिहा. मुळांचा फोटो पांढऱ्या कागदावर ठेवून काढा, म्हणजे रंग खरा कळतो.