शेजारी मॉल येतोय, हरकत कुठे घ्यायची?

प्रश्न: आमची 48 सदनिकांची सोसायटी महानगरपालिका हद्दीत आहे. शेजारच्या साडेतीन एकर मोकळ्या जागेवर मॉल आणि मल्टिप्लेक्स होणार, असा फलक लागलाय. समोरचा रस्ता 12 मीटरचा, तो संध्याकाळी आताच तुंबतो. विकास आराखड्यात ती जागा निवासी विभागात आहे. 18 दिवसांपूर्वी वर्तमानपत्रात कलम 37 ची बारीक अक्षरातली नोटीस आली, त्यात त्याच जागेचा सर्व्हे नंबर आहे. नगरसेवक म्हणतात, सगळं मंजूर झालंय. आम्ही 200 सह्यांचं निवेदन आयुक्तांना देणार आहोत. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणीही झालेली नाही. त्यावरून काम थांबवता येईल का? – सोसायटीच्या सचिव

उत्तर: ताई, आधी ती नोटीस पुन्हा काढून वाचा. तुमच्या हातात आज जे काही आहे, ते त्या बारीक अक्षरांत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, 1966 च्या कलम 37 खाली मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करताना पालिकेला हरकती-सूचना मागवाव्याच लागतात आणि त्यासाठी नोटिशीच्या तारखेपासून एक महिना असतो. फेरबदलाने ज्यांना बाधा पोहोचते त्यांना वेगळी नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकायचं, मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. मंजुरी शासन देतं, पालिका नाही. म्हणजे 'सगळं मंजूर झालंय' हे खरं असतं तर ही नोटीसच निघाली नसती. तुमच्याकडे साधारण 12 दिवस उरलेत. राजपत्रातली तारीख वेगळी असेल तर दोन्हींपैकी आधीची धरा.

ही वेळ गेली की दार जवळजवळ बंद होतं, हे लक्षात घ्या. जागेचा झोन, म्हणजे विभाग, बदलला की पुढची पायरी बांधकाम परवानगीची, कलम 44 आणि 45 ची. तिथे अर्जदार आणि पालिका एवढेच असतात. शेजाऱ्यांना बोलवायची तरतूद नाही, आणि कलम 47 चं अपीलही अर्जदारासाठीच आहे.

आता निवेदनाबद्दल, आणि इथे मी तुमच्याशी असहमत आहे. 200 सह्यांचा कागद आवक विभागात एकच हरकत म्हणून नोंदला जातो. तोच मजकूर, खाली सह्या, आणि सुनावणीला एकच माणूस. त्यापेक्षा 30 घरांनी आपापल्या शब्दांत 30 हरकती द्या, प्रत्येकीवर आवक क्रमांकाची पोच घ्या, आणि प्रत्येकात 'मला प्रत्यक्ष सुनावणी हवी' असं लिहा. 'मॉल नको' लिहू नका, त्यावर अधिकाऱ्याला काही उत्तरच द्यावं लागत नाही. रस्त्याची रुंदी टेप लावून मोजा, नकाशावर 12 मीटर आणि जागेवर 9 असं मी अनेकदा पाहिलंय. संध्याकाळी सहा ते आठ रस्त्यावर उभं राहून वाहनं मोजा, रुग्णवाहिकेला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. पाणी किती दाबाने आणि किती तास येतं तेही.

'निवासी विभागात मॉल कसा?' हा मुद्दा मात्र एकट्याने टिकणारा नाही. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीत निवासी विभागातही रस्त्याच्या रुंदीनुसार काही व्यापारी वापर चालतो. मग मॉलवाल्यांना फेरबदल कशाला हवाय? बहुधा त्यांचा प्रकल्प आहे त्या झोनमध्ये बसत नाही. हेच हरकतीत लिहा, आणि माहिती अधिकारात प्रस्तावाची पूर्ण फाइल आणि भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला त्या जागेपुरता नकाशा, मागा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून हरकत त्यासाठी थांबवू नका. नगररचना विभागात जाऊन झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या विभागात आहे याचा दाखला, मात्र आजच मागा.

कलम 37 चा फेरबदल आराखड्याचं स्वरूप न बदलणारा असायला हवा, हेही सांगा. साडेतीन एकरांत तो मुद्दा किती चालेल याबद्दल मी फार आशावादी नाही, पण नोंदीत असू दे.

जनसुनावणीवर वेळ घालवू नका. पर्यावरण मंजुरीच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना त्यातून वगळलंय. बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, ती निघाल्यावर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठात 30 दिवसांत अपील करता येतं. उशीर झाला तर योग्य कारण दाखवून आणखी जास्तीत जास्त 60 दिवस, त्यानंतर नाही.

आणि हरकत फेटाळली गेली तर? उच्च न्यायालयात रिट याचिका. 1974 मध्ये उडुपीच्या एका रहिवाशाने आपल्या निवासी भागात मंगल कार्यालयाचं चित्रपटगृह करायची परवानगी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन रद्द करवली. उच्च न्यायालयाने परवानगी बेकायदा म्हटली होती, पण मालकाचा पैसा खर्च झालाय म्हणून हात लावला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद मानला नाही. तरी या निकालावर विसंबून बसू नका, कारण कलम 51 खाली पालिका स्वतः परवानगी मागे घेऊ शकते, पण काम बरंच पुढे गेलं की तो अधिकारही वापरता येत नाही. खड्डा खणायला लागले की प्रत्येक आठवडा त्यांच्या बाजूने जातो.

आज सोसायटीची सभा बोलवा आणि कागद, पेन, टेप घेऊन बसा. आधी झोन दाखला, मग हरकती. सुनावणीची तारीख आली की वकील न्या, तोवर गरज नाही.