बायसला मराठी शब्द: पासंग

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाचं एआयमुळे पुढे काय होणार, यावर मराठीत लिहिताना ‘बायस’ला, म्हणजे यंत्राच्या निकालांतल्या एकांगी झुकावाला, ‘पूर्वाग्रह’ म्हणावं की ‘पक्षपात’? जोडीला उपप्रश्न, ‘ब्लॅक’ला ‘काळे’ म्हणावं की ‘कृष्णवर्णीय’?

आधी तो ‘पूर्वाग्रह’ खोडून टाका. हा हिंदी शब्द आहे आणि हिंदीत तो ठीकच आहे: पूर्व अधिक आग्रह. मराठीत ‘पूर्वग्रह’ आहे, म्हणजे आधीच करून घेतलेला ग्रह. ‘माझ्याबद्दल गैर ग्रह करून घेऊ नका’ असं आपण म्हणतो, तोच हा ग्रह. आग्रहाचा इथे काही संबंध नाही. वाहिन्यांवर, व्याख्यानांत, छापील लेखांत सर्रास ‘पूर्वाग्रह’ चालतो आणि संपादकांच्याही कानाला खटकत नाही, याचा मला मनापासून राग येतो. बरं, रूप सुधारलं तरी अडचण राहतेच. ग्रह करून घ्यायला मन लागतं, आणि यंत्राला ते नाही.

‘पक्षपात’ त्याहून घातक. पक्षपात करणारा कोणीतरी असावा लागतो: पंच, परीक्षक, न्यायाधीश. हा शब्द वापरला की वाचक गुन्हेगार शोधू लागतो, तो सापडत नाही, कंपनी म्हणते ‘आमच्या प्रणालीला माणसाचा वंश कळतच नाही’, आणि चर्चा तिथेच मिटते. सांख्यिकीच्या परिभाषेतली ‘अभिनती’ अर्थानं बरोबर आहे, पण ती ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहतं का? (इंग्रजी बायसचा मूळ अर्थ तिरपा. शिवणकामातला बायस म्हणजे आपली उरेब पट्टी. ‘उरेब’ही फारसीतून आलेला सुंदर शब्द आहे, पण त्यावर पुन्हा कधीतरी.)

मला हवा असलेला शब्द मराठीत शेकडो वर्षं पडून आहे: पासंग.

आजच्या पिढीला तो फक्त वाक्प्रचारात माहीत असतो. ‘तो तिच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं लिहिणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना पासंग ही वस्तू काय, ते सांगता येत नाही. जुन्या तराजूची दोन पारडी कधीच तंतोतंत सारखी नसत. एकाची साखळी जड, दुसऱ्याचा पत्रा पातळ. मग वाणी हलक्या पारड्यात खडा टाकायचा, नाहीतर त्याच्या दोरीला लोखंडाचा तुकडा बांधून दांडी सरळ करायचा. तो खडा म्हणजे पासंग. आणि पारड्यांमधला तो मूळ फरक? त्यालाही पासंगच म्हणत. ‘ह्या तराजूला पासंग आहे’ म्हणजे तराजू मुळातच एका अंगाला झुकतो. दोष आणि त्यावरचा उपाय, दोन्हींना एकच नाव. असा शब्द मला दुसरा आठवत नाही.

व्युत्पत्ती फारसी. ‘संग’ म्हणजे दगड, जो संगमरवरात आहे, संगजिऱ्यात आहे आणि ‘संगीन’मध्येही आहे (मुळात दगडी, भक्कम). भांडण आहे ते ‘पा’वर. काही जण ‘पास’ आणि ‘संग’ अशी फोड करून ‘जवळ सोबत ठेवलेलं’ असा अर्थ लावतात. ही फोड कानाला गोड आहे आणि साफ चुकीची आहे. फारसी कोश एकदा उघडला असता तरी ती सुचली नसती. दुसरे ‘पा’ म्हणजे पाय म्हणतात. त्यात निदान व्याकरण आहे, पण तराजूचा पाय कुठला? माझं मत वेगळं आहे. फारसीत याच अर्थाचा ‘पारसंग’ आजही चालतो. त्यातला ‘पार’ मी ‘पारा’शी, म्हणजे तुकड्याशी जोडतो. पारसंग म्हणजे दगडाचा तुकडा, आणि उच्चारात रकार गळून आपला पासंग. इराणात एखादा थोडा चक्रम असेल तर ‘त्याच्या अकलेला पारसंग लागतो’ अशा अर्थाचं बोलतात. आपण पासंग लायकी मोजायला वापरला, त्यांनी अक्कल मोजायला. ‘पाय’वाल्यांनी या ‘पार’मधला र कुठून आला, ते आधी सांगावं.

आता हा शब्द एआयला कसा बसतो ते पाहा. ‘काटा मारणे’ आणि ‘पासंग असणे’ यांतला फरक उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. काटामारी कोणीतरी करतो. पासंग तराजूतच असतो. वजन करणारा कितीही सचोटीचा असला तरी माप खोटंच येतं.

जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. उजळ त्वचेच्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के होती. गडद त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. कृष्णवर्णीय बायकांना ओळखू नका, असं कोणी यंत्राला सांगितलं नव्हतं. पण या क्षेत्रात मापदंड म्हणून वापरले जाणारे दोन चित्रसंच त्यांनी मोजले, तेव्हा एकात 79.6 आणि दुसऱ्यात 86.2 टक्के चेहरे उजळ त्वचेचे निघाले. माल पारड्यात पडण्याआधीच दांडी कललेली होती.

अशा तराजूवर पोलीस विसंबले की काय होतं, ते डेट्रॉइटमध्ये दिसलं. जानेवारी 2020 मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाला घराच्या अंगणात, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत, बेड्या घालून नेलं. घड्याळांच्या दुकानातल्या चोरीच्या अंधूक चित्रणावरून यंत्रानं त्याचं नाव सुचवलं होतं. चौकशीत त्यानं तो फोटो उचलून स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरला. संगणकाचं चुकलेलं दिसतंय, असं तेव्हा एक अधिकारी म्हणाला, ही हकीकत त्या गृहस्थानं पुढे सांगितली. तरी त्याला सुमारे 30 तास कोठडीत काढावे लागले. इथे ‘पक्षपात’ म्हणा, आणि अधिकारी म्हणेल, मी कुठे केला? ‘पासंग’ म्हणा, आणि पुढचा प्रश्न आपोआप येतो: हा तराजू तपासला कोणी? 2024 मध्ये शहरानं त्याच्याशी तडजोड केली, तीत हेच आलं. नुसत्या चेहरा-ओळखीच्या निकालावर यापुढे तिथे अटक करता येणार नाही.

माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण दवाखान्यातलं आहे. कोणत्या रुग्णाला जास्तीची देखभाल लागेल, हे ठरवणारी एक प्रणाली अमेरिकेत लाखो लोकांसाठी वापरात होती. तिला वंशाची माहिती दिलेलीच नव्हती. ती फक्त पुढचा खर्च किती होईल, याचा अंदाज बांधायची आणि खर्च जास्त म्हणजे आजार जास्त, असं धरून चालायची. पण कृष्णवर्णीय रुग्णांवर त्याच आजारासाठी कमी खर्च होत आला आहे, कारण दवाखाने दूर, पैसे कमी आणि डॉक्टरवरचा विश्वासही डळमळीत. त्यामुळे प्रणालीकडून सारखेच गुण मिळालेल्या दोघांत कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात जास्त आजारी असायचा. झियाद ओबरमायर, सेंधिल मुलैनाथन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हे उघड केलं. ही तफावत दूर केली तर जास्तीच्या मदतीसाठी आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा हिशेब होता. यात द्वेष शोधून सापडत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा पासंग मात्र आकड्यात मोजता येतो.

आणि आता शब्दाचा दुसरा अर्थ, ज्यासाठी मी हटून बसलो आहे. ‘पूर्वग्रह’ दूर करायचा असतो, ‘पक्षपात’ थांबवायचा असतो. पासंग मात्र टाकायचाही असतो. बोललेलं लिहून काढणाऱ्या पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली 2020 मध्ये तपासल्या गेल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभरामागे 19 शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात 35. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ. त्यानं गूगलबरोबर मिळून आफ्रिकी-अमेरिकी इंग्रजीचं सुमारे 600 तासांचं बोलणं गोळा केलं आणि त्याची मालकी स्वतःकडे ठेवली. हलक्या पारड्यात टाकलेला हा पासंग आहे, आणि खडा कोणाच्या हातात राहतो, हे त्यांनी आधीच ठरवून घेतलं. या समाजाच्या भवितव्याबद्दल लिहिणाऱ्यानं दोन्ही अर्थ लिहिले पाहिजेत: तराजूत काय दडलंय, आणि ते भरून काढायचा खडा कोणाकडे आहे. दुसरा कोणताही मराठी शब्द हे दोन्ही एका दमात सांगत नाही.

‘तराजूच उरले नाहीत, आता हा शब्द कोणाला कळणार?’ असं परिभाषावाले म्हणतात. ‘अभिनती’ तरी कोणत्या बाजारात ऐकली होती त्यांनी? पासंग निदान वाक्प्रचारात जिवंत आहे; त्याला पुन्हा वस्तूचा अर्थ द्यायला दोन ओळींचा खुलासा पुरतो. ‘प्रशिक्षणाच्या विदेतच (म्हणजे डेटातच) पासंग आहे’, ‘ह्या प्रणालीचा पासंग कोण काढणार?’, ‘नवी माहिती घालून पासंग केला’ असं लिहून बघा.

राहिला उपप्रश्न. ‘काळे’ हे मराठीत आडनाव म्हणून, रंग म्हणून ठीक. समाजाचं नाव म्हणून त्यात हिणवल्याचा वास येतो, तेव्हा ‘कृष्णवर्णीय’ लिहा. ‘आफ्रिकी-अमेरिकी’ हा त्याला सरसकट पर्याय नाही. गेब्रू इथिओपियात जन्मल्या, बुओलामविनी कॅनडात घानाच्या आईबापांपोटी. पण गुलामगिरीतून आलेल्या अमेरिकनांच्या बोलीबद्दल लिहिताना ‘आफ्रिकी-अमेरिकी’च हवं. 2020 पासून अमेरिकेतल्या अनेक वृत्तसंस्था ‘ब्लॅक’चं पहिलं अक्षर मोठं लिहितात. देवनागरीत ती सोय नाही, आणि त्यासाठी अवतरणचिन्हं लावू नका. अवतरणातला समाज संशयित वाटतो.